फाटकापाशी थांबलेली मोटार

आमच्या कुरोमोरीत ओबानाई इसामुला अजून सगळे अध्यक्षच म्हणतात. ज्या मंडळाचा तो अध्यक्ष, ते मंडळ बरखास्त झालं. ज्या आगगाडीसाठी मंडळ काढलं, ती गाडीही बंद झाली. पण नाव एकदा चिकटलं की चिकटलं. दाढीला आलेला माणूस खुर्चीत मान मागे टाकून म्हणतो, "अध्यक्ष, जरा जपून, गेल्या खेपेला कानाजवळ कापलंत," आणि इसामु हसून वस्तरा पुसतो. त्याचं केशकर्तनालय स्टेशनासमोरच आहे. खरं सांगायचं तर तो अध्यक्ष झाला त्याचं कारणही तेवढंच. स्टेशन दाराशी, माणूस बोलघेवडा, आणि सभेत 'कोण होणार?' असं विचारल्यावर बाकी सगळ्यांनी चहाच्या पेल्यात तोंडं घातली.

मंडळाचं घोषवाक्य होतं, 'चला बसू या, गाडी टिकवू या'. त्याचे हिरवे स्टिकर छापले होते. ते सगळ्यांनी कुठे लावले असतील? आपापल्या मोटारीच्या मागच्या काचेवर. हसू नका, आम्हाला त्यात वावगं काही वाटलं नाही. मंडळाच्या सभांना आम्ही मोटारीनेच यायचो. प्रवासी कसे वाढवावेत यावर एवढी चर्चा व्हायची, की सभा संपेपर्यंत शेवटची गाडी निघून गेलेली असायची. इसामुला मात्र आपण अध्यक्ष आहोत याची जाण होती. शहरात सभा असली की तो खिडकीवर तिकीट काढायचा, स्टेशनमास्तरांना दाखवून खिशात ठेवायचा, आणि मागच्या दाराने निघून मोटारीत बसायचा. तिकिटाचे पैसे तर गेले ना कंपनीला, मग झालं. अशी त्याने मनाची समजूत घातली होती.

गाडी बंद झाल्याला दोन हिवाळे उलटले, तेव्हा गावच्या संग्रहालयाने प्रदर्शन भरवायचं ठरवलं. आमचं संग्रहालय म्हणजे भाताचं जुनं कोठार. तिथे कुरोमोरी लाईनची चित्रं आणि छायाचित्रं लागणार, रविवारी उद्घाटन, आणि भाषण अर्थातच अध्यक्षांचं. इसामुने भाषण आरशासमोर पाठ केलं. 'आपण शेवटच्या दिवसापर्यंत तिला साथ दिली,' हे वाक्य त्याला स्वतःलाच फार आवडलं होतं. तिथे आवाज जरा कातर करायचा, हेही ठरलं होतं.

शुक्रवारी दुकान लवकर बंद करून, मिठाईचा डबा घेऊन तो कोठारात गेला. संग्रहालयाचं काम बघणारी नारुमी नावाची तरुण बाई शिडीवर चढून खिळे ठोकत होती. ती बाहेरगावची, पण कामाला वाघ.

"या अध्यक्षसाहेब, बरे आलात," ती वरूनच म्हणाली. "ही शाळेतल्या मुलांची चित्रं सरळ लागली आहेत का बघा."

इसामु मागे सरून बघू लागला. 'आपली गाडी' असा विषय मुलांना दिला होता. लाल-पिवळी, एका डब्याची डिझेलगाडी प्रत्येकाने काढली होती. प्रत्येक चित्रात गाडीच्या पुढे काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचं फाटक आडवं होतं. कित्येकांनी चित्राच्या खालच्या कडेला दोन काळ्या काड्या काढल्या होत्या. त्या कसल्या, हे इसामुला आधी कळेना. मग एका पोराने स्टीअरिंगचं गोल चाक आणि त्यावर बापाचे दोन हात काढलेले दिसले, तेव्हा उजेड पडला. त्या काड्या म्हणजे मोटारीच्या काचेवरचे वायपर होते.

"गोड आहेत ना?" नारुमी म्हणाली. "मुलांनी बिचाऱ्यांनी गाडी पाहिली ती आईबाबांच्या मोटारीतूनच. आतून काढलेलं एकही चित्र आलं नाही."

इसामु 'हं' म्हणाला. त्याला उगाच कानकोंडं झालं. विषय बदलायला म्हणून तो मधल्या भिंतीकडे वळला, आणि जागच्या जागी खिळला.

भिंतभर मोठं छायाचित्र लागलं होतं. संध्याकाळची वेळ, भुरभुर बर्फ, गावाबाहेरचं फाटक. फाटकातून गाडी चालली आहे, तिच्या खिडक्यांतून पिवळा उजेड बर्फावर सांडला आहे. सगळ्या खिडक्या रिकाम्या. फक्त एका खिडकीत डोक्याला रुमाल बांधलेली एक म्हातारी बसली आहे, आणि तिचा हात वर उचललेला आहे. अलीकडे, अगदी खालच्या कोपऱ्यात, फाटकापाशी एक पांढरी मोटार थांबली आहे. मोटारीच्या दारावर न्हाव्याच्या दुकानाची खूण म्हणून लाल-निळे पट्टे, आणि मागच्या काचेवर हिरवा स्टिकर, 'चला बसू या, गाडी टिकवू या'. अक्षर न् अक्षर वाचता येत होतं.

इसामुच्या तोंडचं पाणी पळालं.

"हे आपल्या प्रदर्शनातलं सगळ्यात सुंदर चित्र," नारुमी शिडीवरून उतरत म्हणाली. "लांबून आलेल्या एका छायाचित्रकाराने काढलंय. त्याने काय लिहिलंय माहीत आहे? म्हणतो, इथल्या माणसांचा गाडीवर एवढा जीव, की तिच्या चालकाच्या डोळ्यांवर उजेड पडू नये म्हणून मोटारवाल्याने आपले दिवे मालवले. बघा, खरंच मालवलेत."

दिवे मालवले होते खरे. ते का मालवले, हे जगात एकालाच माहीत होतं, आणि तो हातात मिठाईचा डबा धरून तिथे उभा होता.

त्या दिवशी शहरात मोठी सभा होती. रेल्वे कंपनीची माणसं येणार होती. म्हणून इसामुने मिनेताईला चार शब्द बोलायला यायला सांगितलं होतं, आणि ती गाडीने आली होती. ताकिमोतो मिने ही वरच्या वाडीतली विधवा बाई, ऐंशीच्या घरातली. इसामु लहान असताना त्याची आई दुकानात आणि तो मिनेताईच्या अंगणात, असं त्याचं बालपण गेलं. धुरावर धरलेल्या मुळ्याचं लोणचं ती अशी घालायची, की शहरातल्या बाजारात तिच्यासाठी गिऱ्हाइकं थांबून राहायची. ती स्वतःचा छोटा टेम्पो चालवत बाजाराला जायची. मंडळाने 'ज्येष्ठांनो, लायसन्स परत करा, गाडीने या' अशी मोहीम काढली, तेव्हा अध्यक्ष पहिले तिच्याकडे गेले.

"ताई, तू बसलीस की सगळे बसतील," तो तिला म्हणाला होता. "आणि गाडी काही कुठे जात नाही. मी आहे ना."

मी आहे ना. एवढ्या शब्दावर तिने लायसन्स परत केलं, टेम्पो विकला. नगरभवनात तिचा सत्कार झाला, इसामुने तिला फुलांचा गुच्छ दिला, वर्तमानपत्रात फोटो आला. त्या दिवसापासून मिनेताई नेमाने गाडीने जाऊ लागली. बाजाराला गाडी, दवाखान्याला गाडी. बाकी आमच्यापैकी कोणी तिच्या मागे गेलं नाही.

आणि त्या सभेत ती उभी राहून साध्या शब्दांत बोलली, की ही गाडी म्हणजे माझे पाय आहेत. कंपनीच्या माणसांनी माना खाली घातल्या. सभा सुटल्यावर इसामु तिला स्टेशनवर सोडायला गेला आणि म्हणाला, "तू हो पुढे. मला जरा दुकानासाठी तेलं घ्यायची आहेत. मी मागच्या गाडीने येतो." तेलं-बिलं काही घ्यायची नव्हती. मोटार त्याने शेतकी संस्थेच्या गोदामामागे लावून ठेवली होती. बर्फ पडत होता, मोटारीत हीटर होता, आणि मागची गाडी यायला तीन तास होते.

गावाबाहेर फाटक पडलं, आणि मिनेताईची गाडी समोरून जाऊ लागली. उजळलेल्या खिडकीत एकटी मिनेताई. इसामुने झटकन दिवे मालवले आणि मान खाली घातली. गाडी गेल्यावर मान वर केली. आपण दिसलो नाही, असं तो इतकी वर्षं धरून चालला होता.

"हे चित्र," त्याने घसा खाकरला, "जरा आतल्या बाजूला लावलं तर? तिकडे, जिन्याखाली."

"छे, काहीतरीच काय! पत्रिकेवरही हेच छापलंय. तुमच्या भाषणाच्या वेळी ते बरोबर तुमच्या पाठीमागे येईल."

घरी आल्यावर इसामुने जेवणाला हात लावला नाही. बायको शिझुए त्याच्याकडे बघत राहिली. तिच्यापासून कधी काही लपलं नव्हतं, लपवून काही उपयोगही नव्हता.

"आपली मोटार तर सगळा गाव ओळखतो," सगळं ऐकून ती म्हणाली. "गावाचं सोडा. गाव काय, हसेल आणि विसरेल. मिनेताईंना आधी जाऊन सांगा."

"काय सांगू?"

"जे आहे ते. त्यांना दुसरं काय हवंय तुमच्याकडून?"

शनिवारी सकाळी इसामु मिनेताईकडे गेला नाही. तो फुलवाल्याकडे गेला. आमच्याकडे उद्घाटनाला शुभेच्छा म्हणून फुलांच्या उंच मांडण्या पाठवायची पद्धत आहे. बरखास्त मंडळाच्या नावाने त्याने भली मोठी मांडणी सांगितली. खाली रुंद, पानं भरपूर. ती घेऊन तो स्वतः कोठारात गेला आणि नारुमीची पाठ वळल्यावर चित्राच्या खालच्या कोपऱ्यापुढे नेमकी उभी केली. गाडी दिसत होती, खिडकी दिसत होती, हात दिसत होता. मोटार फुलांत गडप झाली होती. त्याचा जीव भांड्यात पडला. पण त्याच वेळी आपण किती हलक्या मनाचे झालो आहोत, हेही त्याला कळलं, आणि आजूबाजूला कोणी नसताना त्याचे कान तापले.

दुपारी फोन वाजला. पलीकडे मिनेताई होती.

"इसामु, उद्या मला न्यायला येशील का रे? रविवारी बस नसते."

"येतो की. येतो ताई."

"उगाच तुला फेरा पडतो."

"फेरा कसला," तो म्हणाला, आणि त्याने फोन ठेवला. आता सांगता आलं असतं. पण फोनवर असल्या गोष्टी बोलतात का, असं त्याने स्वतःला विचारलं आणि स्वतःच नाही म्हणून टाकलं.

रविवारी सकाळी शिझुए अंगणात येऊन बघते, तर नवरा दुकानातला केस वाळवायचा पंखा लांब वायरने बाहेर आणून मोटारीच्या मागच्या काचेवर धरून उभा. स्टिकरचा डिंक गरम करून तो नखाने खरवडत होता.

"इतके दिवस मिरवलात, आज काय टोचलं?" ती म्हणाली.

"जुना झालाय."

"तुम्हीही झालात," असं म्हणून ती आत गेली.

स्टिकर निघाला, पण त्याच्या जागी काच आजूबाजूपेक्षा स्वच्छ राहिली. लांबूनसुद्धा चौकोन दिसत होता.

मिनेताई वाडीच्या तोंडाशी उभी होती. चांगला किमोनो नेसलेली, हातात फडक्यात बांधलेली लोणच्याची बरणी. गुडघे आता साथ देत नव्हते. मोटारीत चढताना तिला इसामुच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला. बाजार सुटला होता तिचा. दवाखान्यालाही कोणाला तरी विचारावं लागायचं, आणि तिला विचारणं जमत नसे. वर्षानुवर्षं स्वतःच्या टेम्पोने फिरलेली बाई ती. त्यामुळे ती निम्म्या वेळा जायचीच नाही. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

"हीटर छान आहे तुझा," ती म्हणाली.

वाटेत तीन वेळा त्याने तोंड उघडलं, आणि तिन्ही वेळा हवेबद्दल बोलला.

कोठाराबाहेर मोटारींची ही गर्दी. जागा मिळेना म्हणून लोकांनी शेतात लावल्या होत्या. आत सगळा गाव होता. गाडी धावत होती तेव्हा एवढी माणसं एका वेळी तिच्यात कधी चढली नसतील. मुलांच्या चित्रांपुढे आया आपापल्या पोरांचे वायपर दाखवून हसत होत्या. मिनेताईला बघताच गर्दी बाजूला झाली.

"ताई, या या! भिंतीवर तुम्हीच आहात!" भाताची गिरणी चालवणारा सातोमी ओरडला. हा मंडळाचा खजिनदार, आवाज गिरणीपेक्षा मोठा. "कसा हात केलाय बघा, चित्रातल्या राणीसारखा. कोणाला हो केलात?"

मिनेताई चित्रापुढे उभी राहिली. बराच वेळ तिने खिडकीतल्या स्वतःकडे पाहिलं. मग नजर खाली आणली, फुलांवर.

"ही फुलं जरा बाजूला घे बाई," ती नारुमीला म्हणाली. "मला फाटक बघायचंय."

"राहू द्या, राहू द्या," इसामु पुढे झाला. "जड आहे ती मांडणी. पाणी सांडेल."

"अध्यक्षसाहेब, चाकं आहेत तिला," नारुमी म्हणाली, आणि तिने मांडणी अलगद सरकवली.

आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. मग आलं. सातोमीने वाकून स्टिकर वाचला, दारावरचे पट्टे पाहिले, आणि इसामुकडे वळून पाहिलं. एकेक करून सगळ्यांच्या माना तशाच वळल्या. मिनेताईने मात्र मान वळवली नाही.

"लायसन्स परत केलं तेव्हाही तू मला फुलंच दिली होतीस," ती चित्राकडे बघत म्हणाली.

आवाज चढा नव्हता, टोमणाही नव्हता. इसामुला वाटलं, हिने चारचौघांत थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. नारुमीने काही न समजून त्याच्या हातात माईक दिला. भाषणाची वेळ झाली होती.

पाठ केलेलं एकही वाक्य त्याला आठवेना. कातर करायचा तो आवाज आपणहूनच कातर झाला.

"ती मोटार माझी आहे," तो म्हणाला. "त्या दिवशी मी ताईला गाडीने येतो म्हणून सांगितलं, आणि मोटारीने आलो. नेहमीच तसा यायचो. तिकीट काढायचो आणि बसायचो नाही. दिवे मी गाडीच्या मानासाठी मालवले नव्हते. ताईला मी दिसू नये म्हणून मालवले."

मग सातोमी खो खो हसत सुटला. "अहो अध्यक्ष, एवढंच ना? मी तर तिकीटही काढत नव्हतो!" आणि बांध फुटल्यासारखे सगळे हसले. कोणी म्हणालं, माझी मोटार फोटोत आली नाही हे माझं नशीब. कोणी म्हणालं, बाहेर बघा, शेतात किती उभ्या आहेत. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्याच्या पाठीवर थापा मारल्या. प्रत्येकाला आपलं पाप त्याच्या पापात मिसळून टाकायचं होतं, आणि तेवढ्यासाठी त्याला माफ करायला आम्ही सगळे एका पायावर तयार होतो. मीही हसलो. खोटं कशाला बोलू?

हसली नाही ती फक्त मिनेताई. लोणच्याची बरणी तिने नारुमीच्या हातात दिली, चहा घेतला, मुलांची सगळी चित्रं एकेक करून पाहिली, आणि मग म्हणाली, "इसामु, मला घरी सोड."

तो चमकला. आता ही आपल्या मोटारीत पाय ठेवणार नाही, असंच त्याने धरलं होतं. तिच्या ते लक्षात आलं असावं.

"मग कशी जाऊ?" ती म्हणाली. "चालत?"

त्याने तिला हात देऊन बसवलं. मोटार गावाबाहेर आली.

"ताई, मी तुला दिसलो होतो?" शेवटी त्याने विचारलं.

"हात कोणाला केला मग मी? तुझी मोटार मी ओळखणार नाही होय?"

"तू कधी बोलली नाहीस."

"तू बोलशील म्हणून वाट बघितली," ती म्हणाली. "त्या दिवशी नाही बोललास. म्हटलं उद्या येईल. गाडी बंद झाली त्या दिवशी तू स्टेशनवर रडत होतास, म्हटलं आता सांगेल. आज सकाळी न्यायला आलास, तेव्हाही वाटलं. तू मला हवा कशी आहे ते सांगितलंस."

इसामुला समोरचा रस्ता नीट दिसेना. आणि तेवढ्यात फाटक आलं. फाटक म्हणजे नुसती जागा. दांडे काढून नेले आहेत, दिव्यांवर पिशव्या बांधल्या आहेत, रुळांवर गंज आणि गवत. पण रूळ दिसले की थांबायचं, डावी-उजवीकडे बघायचं, हे आमच्या हाडीमाशी भिनलं आहे. त्याचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. मोटार थांबली. त्याने सवयीने एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे, आणि मग दोन्ही हात चाकावर ठेवून तसाच बसून राहिला. माफ कर म्हणायचं होतं.

मिनेताईनेही रुळांकडे पाहिलं, जिथून गाडी रोज यायची त्या बाजूला.

"होती तेव्हा बसला नाहीस," ती म्हणाली. "आता कोणासाठी थांबतोस? चल."